‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक परदेशात वाढणाऱ्या मुलीला कसा समजावू?

तुमची मुलगी पाहुण्यांना ‘उद्या आपण समुद्रावर जाणार आहोत’ असं सांगते आणि त्यांना वाटतं आपल्यालाही बोलावलंय, असं तुम्ही लिहिलंय. व्याकरणाचं उत्तर एका ओळीत होतं: ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर ‘आपण’, त्याला सोडून बोलायचं तर ‘आम्ही’. पण प्रश्न वाचला आणि माझी आईच डोळ्यांपुढे आली. तिने या दोन शब्दांचा चाळीस वर्षं पिच्छा पुरवला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि तिथून आमचं कूळ सुरू झालं, असं आमच्यात सांगतात. पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावं आम्हाला शनिवार तेली म्हणत. आईची आजी रेवदंड्याची. आई ठाण्यात वाढली आणि साठच्या दशकात पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकली. १९७९ साली आईबाबा, मी आणि धाकटा भाऊ असे आम्ही इस्रायलला, बीरशेबाला गेलो. मी तेव्हा बारा वर्षांची होते.

तिथे तिच्या एम.ए.ला कुणी विचारलं नाही. पहिली काही वर्षं ती एका बालवाडीत मदतनीस होती. मुलांना भरवायचं, निजवायचं, फरशी पुसायची. मला याचा फार राग यायचा. ती मात्र संध्याकाळी पदराला हात पुसत, मोरोक्कोच्या घरातलं मूल कुठला आवाज कसा काढतं आणि इराकच्या घरातलं कसा, ते मला करून दाखवायची.

नव्याने आलेल्यांना हिब्रू शिकवतात त्या वर्गाला उलपान म्हणतात. पहिल्याच आठवड्यात ती घरी आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. ‘अगं, पुरुष म्हणतो मेदाबेर आणि बाई म्हणते मेदाबेरेत. आपलं बोलतो-बोलते!’ इंग्रजी बोलणाऱ्या बायका तिथे अडखळत होत्या, आमच्या ठाण्यापेणच्या बायका सरळ पुढे जात होत्या. पुढच्या आठवड्यात मात्र ती विचारात पडली. हिब्रूत ‘अनाख्नू’ हा एकच शब्द. आम्हीही तोच, आपणही तोच.

ती सांगायची की हा भेद मराठीत आहे, गुजरातीत आहे, तेलुगू-तमिळमध्ये आहे. हिंदीत मात्र ‘हम’वरच भागतं. द्राविडी भाषांच्या शेजाराने तो आपल्याकडे आला असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. पण त्यासाठी मराठीने जो शब्द घेतला तो संस्कृतातल्या ‘आत्मन्’पासून आलेला. ‘म्हणजे बघ, समोरच्याला आपल्यात घ्यायला आपण स्वतःचाच शब्द वापरतो,’ हे सांगताना तिचा आवाज हळू व्हायचा.

आई अतिशय श्रद्धाळू होती. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, कोशर म्हणजे खाण्यापिण्याचे नियम, उपास, काही चुकवायची नाही. कोकणात शतकानुशतकं आमच्या लोकांजवळ ना धर्मगुरू होता ना पोथी. शनिवार, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना एवढंच टिकलं, असं आमच्यात सांगतात. ‘हे इस्राएला, ऐक’ अशी ती सुरू होते आणि लगेच ‘एलोहेनू’ हा शब्द येतो. आता मराठीत सांगताना ‘आमचा देव’ म्हणायचं की ‘आपला देव’? हिब्रूला ठरवावं लागत नाही, मराठीला लागतं. आईचं म्हणणं असं, की शमा आपण एकमेकांना ऐकवतो, म्हणून तिथे ‘आपला’. बाकीच्या प्रार्थना थेट देवाशी बोलतात आणि देवालाच ‘आपला देव’ म्हणता येत नाही, म्हणून तिथे ‘आमचा’. एवढंसं वाटतं, पण मला प्रार्थनेत आपण कुणाशी बोलतोय हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

या शब्दाला तिच्या लेखी आणखी एक बाजू होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या धर्मपीठाने आमच्या लोकांच्या वंशाबद्दल शंका काढली. बेने इस्राएल मुलामुलींना दुसऱ्या ज्यूंशी लग्न करायचं तर पूर्वजांची चौकशी होऊ लागली. आमच्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने जाहीर केलं, की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत. आई तेव्हा पुण्यात शिकत होती. पुढे मी विचारलं, ‘हे माहीत असून तू इथे आलीस कशी?’ तर म्हणाली, ‘त्यांनी आम्हाला “ते” म्हटलं, तरी मी त्यांना “आपण” म्हणायचं कशाला सोडू?’

बालवाडी सुटल्यावर ती आमच्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसायची. बुटांच्या खोक्यात कोरी कार्डं, पेन्सिल आणि डॉ. अ. मा. घाटगे यांनी केलेल्या बोलींच्या पाहणीतली महाडच्या कुणबी बोलीवरची पुस्तिका. प्रत्येक कार्डावर वर शब्द, खाली सांगणारीचं गाव, मागे तिचं एखादं वाक्य. सणांची आमची जुनी नावं तिने त्यात जपली. योम किप्पूर, आमचा मोठ्या उपासाचा दिवस, म्हणजे दारफळणीचा सण, घराची दारं लावून घ्यायचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीमला होळीचा सण. शिवाय वेगळा असा खिरीचा सण. ही नावं कोकणातल्या शेजारातून घडलेली. बीरशेबात वाढणाऱ्या मुलांना हिब्रू नावं शाळेतच मिळत, आणि शाळेच्या नावापुढे आजीचं नाव गावंढळ वाटू लागतं. आईला तेच खुपायचं. ‘खिरीचा सण म्हटलं की जिभेला कळतं,’ ती म्हणायची.

मलिद्याच्या दिवशी तर तिचं घर ठाण्याचंच व्हायचं. भिजवलेले पोहे, साखर, खवलेला नारळ, वर फळं, आणि एलियाहू हनाबी म्हणजे प्रेषित एलिया, त्याच्या नावाने प्रार्थना. पोहे आम्ही भारतातून मागवायचो. १९९० मध्ये लग्न होऊन मी ठाण्याला परतले, तेव्हापासून ती पिशवी मीच पाठवायचे.

आता तुमच्या मुलीचं. माझी भाची हिब्रूत विचार करणारी, तिचा अगदी हाच घोटाळा व्हायचा. आईने तिला नियम कधीच सांगितला नाही. मलिदा वाढताना ती भाचीच्या हातात ताटली द्यायची आणि विचारायची, ‘समोर कोण आहे? त्यांना देणार आहेस का?’ देणार असलीस तर ‘आपण खाऊ या’. फोनवर ठाण्याच्या आत्याला सांगायचं असेल, तर आत्या ताटापासून लांब आहे, म्हणून ‘आम्ही खाल्लं’. महिन्याभरात पोरगी चुकेनाशी झाली. तुम्हीही जेवणाच्या ताटावरूनच सुरू करा. पाहुणा समोर असताना आणि पाहुणा गेल्यावर, दोन्ही वेळा तेच वाक्य तिच्याकडून बोलवून घ्या. आणि ‘आपण बसावं’ यातला आदराचा ‘आपण’ सध्या बाजूलाच ठेवा, तो दोन वर्षांनी आला तरी चालेल.

आई २०१९ मध्ये गेली. सात दिवसांच्या दुखवट्यात भावाने तो खोका माझ्यापुढे ठेवला. त्यात एक कार्ड असं होतं, की त्यावर कुणा बाईचं गाव नव्हतं. शुक्रवारी सूर्यास्ताआधी दिवे लावताना जो आशीर्वाद म्हणतात, त्यातला ‘किदशानू’ हा शब्द वर लिहिलेला: ज्याने पवित्र केलं, कुणाला, तर आम्हाला किंवा आपल्याला. हा आशीर्वाद देवाला ‘तू’ म्हणत सुरू होतो आणि मध्येच ‘त्याच्या आज्ञांनी’ असं तिसऱ्या पुरुषात जातो. म्हणजे वाक्याच्या मध्यात ऐकणारा बदलतो की काय? आईने ‘आम्हाला’ लिहून खोडलं होतं, ‘आपल्याला’ लिहून तेही खोडलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, ‘तपासणे’.

ते कार्ड मी ठाण्याला आणलं. शुक्रवारी दिवे लावून डोळ्यांवर हात घेते, हिब्रू म्हणून झालं की सवयीने मराठीतही म्हणते. घरात मी आणि नवरा दोघंच. त्या शब्दापाशी मी ‘आपल्याला’ म्हणते.