पहिल्यांदाच थेरपीला जातोय, पहिल्या सेशनला नेमकं काय होतं?
पहिलं सेशन बहुतेक माहिती घेण्यातच जातं, म्हणजे झोप कशी लागते, घरी कोण कोण, त्रास कधीपासून, गोळ्या चालू आहेत का वगैरे, त्यामुळे ४५ मिनिटांत लगेच मोकळं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका. मी दादरला वर्षभर जातेय, पहिल्या दिवशी तर उलट डोकं जड करूनच लोकल पकडली होती. बोललेलं बाहेर जात नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, जिवाला धोका, कोर्टाचा आदेश असे काही अपवाद सोडले तर. आणि हो, गोळ्या सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर देतात, बोलून थेरपी करणारे सायकॉलॉजिस्ट नाही. फी झेपत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांची ओपीडी आहे, पण गर्दीत एवढा निवांत वेळ मिळेलच असं नाही.