शाळा बघायला जाताना

प्रश्न : बदलीमुळे दोन महिन्यांत नव्या गावी जायचं आहे. मुलगी चौथीत आहे. तिथली शाळा कशी पारखावी?

उत्तर : घराचा करार घाईने करू नका; आधी शाळा बघा. भेट शाळा भरलेली असतानाच घ्या. मुलांच्या दोन-चार वह्या मागून चाळा. चुकीपाशी शिक्षकांनी काही लिहिलंय, की पानभर नुसत्या बरोबरच्या खुणा? निकालाच्या फलकापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं. वर्षभरात किती शिक्षक बदलले, तेही स्पष्ट विचारा. प्रवासाचा वेळ सकाळच्या गर्दीत मोजा. दुपारचा अंदाज हमखास चुकतो. जुन्या शाळेचा दाखला मात्र नवा प्रवेश लेखी मिळाल्यावरच काढा, नाहीतर जागा भरल्यास मुलगी अधांतरी राहील.