नुसत्या नोंदींवरून 'मुळे' लिहिता येतं का?

प्रश्न असा आहे: संशोधकांनी प्रयोग केलेला नाही, फक्त जमलेल्या आकडेवारीचं विश्लेषण केलंय. तर 'अमुकमुळे तमुक होतं' असं लिहावं, की 'सहसंबंध आढळला', म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसल्या, एवढ्यावर थांबावं?

'मुळे' हे कारण दाखवणारं शब्दयोगी अव्यय. ते लिहिलं की कार्यकारणभावाचा दावा झालाच, लिहिणाऱ्याच्या मनात नसला तरी. हा दावा प्रयोगाशिवाय करताच येत नाही, हे मात्र मला मान्य नाही.

न्यायशास्त्राने, म्हणजे तर्काच्या प्राचीन भारतीय दर्शनाने, कारणाच्या लक्षणात 'नियतपूर्ववृत्ती', म्हणजे कार्याच्या आधी नेमाने असणारं, एवढंच सांगून भागवलेलं नाही; 'अनन्यथासिद्ध', म्हणजे ज्याच्यावाचून कार्य होत नाही असं, हेही विशेषण जोडलंय. माती वाहणारं कुंभाराचं गाढव घडा होण्याआधी हजर असतं, पण ते घड्याचं कारण नव्हे, कारण त्याच्यावाचूनही घडा होतो. आकडेवारीतली खरी मेहनत अशी गाढवं बाजूला काढण्याचीच असते.

रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी, असं नोंदींत दिसत होतं. २००२ साली चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या गटात धोका उलट वाढलेला निघाला. आधीच्या नोंदींत हार्मोन घेणाऱ्या स्त्रिया बऱ्याचदा मुळातच अधिक निरोगी आणि सुस्थितीतल्या होत्या. इथे 'मुळे' घाईचं ठरलं.

पण १८५४ सालचं लंडन पाहा. काही भागांत दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्याने जात होते. शेजारी तेच, हवा तीच, पाणी मात्र वेगळं. शहराच्या सांडपाण्याने दूषित झालेलं थेम्सचं पाणी येणाऱ्या घरांत कॉलऱ्याने कितीतरी जास्त माणसं मेली, हे जॉन स्नो या डॉक्टरने घरोघर चौकशी करून दाखवलं. प्रयोग त्याने केला नव्हता. परिस्थितीनेच गट पाडून दिले होते, आणि ते ओळखण्यात त्याची बुद्धी दिसते.

धूम्रपानाचंही तसंच. माणसांना वर्षानुवर्षं सिगारेट ओढायला लावून चाचणी कोण करणार? धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगावरचा डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांचा अभ्यास १९५० साली आला. जास्त ओढणाऱ्याला जास्त धोका, सोडणाऱ्याचा धोका उतरतो, वेगवेगळ्या देशांत तेच चित्र: असा पुरावा साचत गेला आणि दुसरी स्पष्टीकरणं टिकली नाहीत. आज 'धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांत सहसंबंध आहे' एवढंच लिहिणं मला उगाच कच खाल्ल्यासारखं वाटतं. तिथे 'धूम्रपानामुळे' असंच लिहावं.

एखाद्याच नव्या अभ्यासाबद्दल लिहिताना मात्र 'घेणाऱ्यांत कमी आढळलं' असं लिहावं. 'घेतल्याने कमी झालं' नको. तो 'ने'सुद्धा 'मुळे'चंच काम करतो.