ग्रेट डेनसाठी एफडी मोडू का?

प्रश्न : नाशिकला राहतो. पगार हातात ९२,००० येतो. गृहकर्जाचा हप्ता ३१,०००, घरखर्च ३५,०००, मुलीच्या शिक्षणासाठी एसआयपी १२,०००. दोन लाखांची एफडी आहे. ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचं पिल्लू ४५,००० ला मिळतंय. एफडी मोडून घ्यावं का? खर्च वाढलाच तर एसआयपी काही महिने थांबवता येईल.

उत्तर : एफडी मोडू नका, एसआयपी थांबवू नका आणि पिल्लू यंदा घेऊ नका.

हप्ता आणि घरखर्च मिळून ६६,००० होतात. म्हणजे दोन लाखांत जेमतेम तीन महिने निघतात. ती रक्कम नोकरी गेली तर लागणारी आहे, तिला शिल्लक समजू नका. खरी शिल्लक महिन्याला १४,००० आहे आणि हिशोब तिथूनच करायचा.

पिल्लाची किंमत या व्यवहारात किरकोळ आहे. डेनचा नर ६५ ते ८० किलोपर्यंत भरतो, मादी थोडी कमी. ६० किलोच्या कुत्र्याला रोज सुमारे ७०० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, महिन्याला २१ किलो. किलोला ४०० रुपये धरले तरी ८,४०० झाले. लस पॉमेरेनियनला आणि डेनला सारख्याच किमतीत पडते, पण जंताचं औषध, गोचिडाच्या गोळ्या, अँटिबायोटिक, भूल हे सगळं वजनावर मोजतात. त्याचे सरासरी २,००० धरा. गुळगुळीत फरशीवर अंथरायला रबरी मॅट, मे महिन्यात कुलर, गावी जाताना बोर्डिंग, डॉक्टरकडे न्यायला गाडी (रिक्षावाला बहुधा घेणार नाही) यांचे २,५००. एकूण १२,९००. आयुष्य साधारण ७ ते १० वर्षं. आठ धरली तर आजच्या भावाने बारा लाखांवर जातं.

यात मोठं आजारपण धरलेलं नाही. पोट वायूने फुगून पीळ बसण्याचा धोका ज्या जातींना सर्वाधिक, त्यांत डेन अग्रभागी आहे. पोट टम्म, उलटीचा उमाळा येतो पण बाहेर काही पडत नाही, अशी लक्षणं दिसली की काही तासांत शस्त्रक्रिया लागते, तीही बहुधा रात्री-बेरात्री. त्या वेळी पैसे खात्यात हवेत. एसआयपी थांबवून ते उभे राहत नाहीत. नसबंदीच्याच भुलेत पोट बरगडीलगतच्या भिंतीला टाचून घेतलं तर पीळ बसण्याचा धोका खूप कमी होतो. हा खर्च आधीच धरा. उलट, उंच स्टँडवरच्या भांड्यावर पैसे घालवू नका. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत हा धोका जास्तच आढळला. दिवसाचं खाणं दोन-तीनदा विभागून द्या आणि जेवणानंतर तासभर धावू देऊ नका.

हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमची पावडरही आणू नका. पिल्लाच्या शरीराला जादा कॅल्शियम शोषणं रोखता येत नाही, त्यातून हाडं वाकडी होतात आणि दुरुस्तीचा खर्च पावडरीच्या कित्येक पट होतो. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाद्य वर्ष-दीड वर्ष पुरेसं आहे.

विम्यावर फार भिस्त नको. पॉलिसी घेताना वयाची अट आणि आनुवंशिक आजारांचे अपवाद वाचा, कारण या जातीत हृदयाचे स्नायू ढिले पडण्याचा आजार बराच आढळतो.

आता करायचं काय? या महिन्यापासून १३,००० ची आरडी लावा, जणू कुत्रा घरात आलाच आहे. बारा हप्ते न चुकता भरले तर १,५६,००० आणि वर व्याज जमेल. त्यातले ४५,००० पिल्लाला, उरलेले निव्वळ आजारपणासाठी वेगळ्या खात्यात. मध्येच हप्ता चुकला किंवा आरडी मोडावी लागली, तर तुमच्या बजेटमध्ये डेन बसत नाही. मध्यम चणीचा देशी कुत्रा मात्र आरामात बसेल.

वर्षाने घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याचं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडचं नोंदणीपत्र मागा आणि आई-बापाच्या हृदयाच्या इकोचा अहवाल बघा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कोणी सहा आठवड्यांचं देत असेल तर कितीही स्वस्त असलं तरी परत फिरा.