एकट्याचं कालवण

भावा, तू विचारलंस की ऑक्टोबरला मास्टर्सला जर्मनीला जायचंय, एका खोलीत एकट्यानं राहायचंय, मॅगी आणि ऑम्लेट सोडून काही येत नाही, आणि आई म्हणते कुकरपासून परातीपर्यंत सगळं घेऊन जा. तर न्यायचं काय आणि रोजचं जेवण भागवायचं कसं? आपण दोघंही कोल्हापूरचे, मी मंगळवार पेठेतला, तू शिवाजी पेठेतला. पेठांच्या फुटबॉलचं नंतर बघू, आधी पोटाचं. मी 9 वर्षं स्टुटगार्टात आहे, त्यातली पहिली 4 एकट्यानं रांधून खाल्लीत.

रेसिपी मिळतात रे, त्याचं टेन्शन घेऊ नकोस. घोळ होतो मापाचा. आपण घरी जे बघत मोठे झालो ते सगळं 6 माणसांचं माप. मी पहिल्याच महिन्यात आईला फोन लावला, रस्सा कसा करू? ती म्हणाली, "मूठभर खोबरं, 3-4 कांदे, एक लसणाचा गड्डा, आणि चटणी अंदाजानं." चटणी म्हणजे आपला तिखट कांदा-लसूण मसाला, आणि तिचा अंदाज म्हणजे वाड्यातल्या पंगतीचा. एक किलो चिकन घातलं, पातेलं काठोकाठ भरलं. पहिल्या दिवशी लई भारी. दुसऱ्या दिवशी पण बरा. चौथ्या दिवशी झाकण काढायची इच्छा होईना, आणि पाचव्या दिवशी मी पिझ्झा मागवला.

त्याआधी अजून एक झालं होतं. आपल्याकडं "जाळ अन् धूर संगटच" म्हणायला मजा वाटते. इथं धूर निघाला की छतावरची तळहाताएवढी पांढरी डबी कोकलायला लागते. स्मोक डिटेक्टर इथं घराघरात कायद्यानंच बसवावा लागतो. एकाच खोलीत पलंग, टेबल आणि दोन शेगड्या, त्यात मी सुकं खोबरं आणि लाल मिरची तव्यावर मस्त काळपट भाजत होतो. नोव्हेंबरची थंडी, खिडकी बंद. डबी वाजली, मी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालतोय, बाहेर अख्खा मजला मोज्यांवर जिन्यात उभा आणि सगळे खोकतायत. मिरचीचा ठसका तोवर दाराखालून बाहेर गेला होता. केअरटेकरनं खोलीत येऊन तव्याकडं असं बघितलं की मी काहीतरी पुरावा जाळतोय. तेव्हापासून मिरची मी भाजतच नाही, तिखटाचं काम घरच्या चटणीवर. खोबऱ्यासाठी दुकानात केकच्या सामानात मिळणारा डेसिकेटेड खोबऱ्याचा कीस घ्यायचा. मंद आचेवर दोन-तीन मिनिटांत तो बदामी होतो, धूर न करता. खिडकी मात्र सताड उघडी, थंडी असो नाहीतर बर्फ.

आता माझी खरी पद्धत सांगतो, बाकीचं विसरलास तरी चालेल. शनिवारी वाटण करायचं. रविवारी का नाही? रविवारी इथं दुकानं बंद असतात, कोथिंबीर राहिली तर राहिली. शिवाय रविवार आणि रोज रात्री 10 नंतर शांतता पाळायची असते, तेव्हा मिक्सर फिरवलास तर शेजारी दार वाजवणार. दोन मध्यम कांदे उभे चिरून तेलात चांगले लाल होऊ द्यायचे. त्यात अर्धी वाटी भाजलेलं खोबरं, चमचाभर तीळ, लसणाच्या 10-12 पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, मूठभर कोथिंबीर. हे वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं आणि फ्रीजरला टाकायचं. गोठलं की वड्या पिशवीत काढून ठेव. ट्रे वेगळा घे, नाहीतर तुझ्या कोल्ड्रिंकला आयुष्यभर लसणाचा वास येईल.

दोन वड्या म्हणजे एका माणसाचं कालवण. तेलात वड्या सोडायच्या, विरघळून तेल सुटलं की चमचाभर चटणी, मग जे असेल ते. सोमवारी दोन उकडलेली अंडी, मंगळवारी अख्खा मसूर, बुधवारी चिकनची एकच तंगडी. हसू नकोस, एक तंगडी आणि पेलाभर पाणी यात तांबड्या रश्श्याची तहान ताकावर भागते. पांढऱ्या रश्श्याला नारळाच्या दुधाचा डबा लागतो, तो 400 मिलीचा येतो. अर्धा वापर, उरलेला त्याच ट्रेच्या शेजारी गोठव. मसूर तर एकट्या माणसासाठीच केलेलं कडधान्य आहे. रात्रभर भिजवायला विसरलास तरी शिजतो, आणि हायवेवरच्या ढाब्याची आठवण येते ती वेगळीच.

कुकर ने, पण 2 लिटरचा, स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा. साधा ॲल्युमिनियमचा नेलास आणि खोलीत इंडक्शन निघाली तर तो नुसता शोभेला. सोबत दोन रिंगा आणि एक सेफ्टी वॉल्व्ह टाक, ते आपल्या मापाचं इथं शोधत बसावं लागतं. एकट्याचा भात थेट कुकरात लावू नकोस, पाणी कमी पडून तळाला करपतो. खाली पाणी, वर भांड्यात अर्धी वाटी तांदूळ, दुसऱ्या भांड्यात पाव वाटी तूरडाळ. एकदम दोन वेळचं. उरलेला भात रात्रभर शेगडीवर ठेवायचा नाही, तासाभरात फ्रीजमध्ये गेला पाहिजे. शिजलेल्या भातातसुद्धा काही जंतू तग धरून असतात आणि खोलीतल्या उबेत वाढतात. दुसऱ्या दिवशी त्याचा फोडणीचा भात करून संपव.

मिक्सर आणलास तर विजेचा त्रास नाही, इथंही 230 व्होल्टच. फक्त आपली तीन पिनांची प्लग बसत नाही, जाडजूड अडॅप्टर घे. परात आणू नकोस. खोलीत ती ठेवायला जागाच नसते, मी कणीक वाडग्यात मळतो.

पोळ्यांचं म्हणशील तर इथल्या गव्हाच्या पिठाच्या पाकिटावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. 100 ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते त्याचा तो आकडा. म्हणजे 405 हा आपला मैदाच. 1050 आणि पूर्ण गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं घेतलं की चपाती जमते. ज्वारीचं पीठ इंडियन दुकानात मिळतं, पण बऱ्याचदा जुनं असतं, आणि जुन्या पिठाची भाकरी उकड काढूनसुद्धा चिरते. मी दोन वर्षं स्वतःच्या हाताला शिव्या दिल्या, दोष पिठाचा होता.

भाजीला तुर्की दुकान गाठ. वांगी, भेंडी, हिरवी मिरची, मसूर सगळं तिथं, आणि हाडासकट लॅम्बचं मटण पाव किलोसुद्धा कापून देतात. कोथिंबिरीची जुडी घेताना पान चुरगाळून वास घे. शेजारीच पार्सली असते, दिसायला सख्खी बहीण. मी एकदा अख्खी जुडी आमटीत घातली आणि आमटीला गवताची चव आली.

तूप घरून आणू नकोस. युरोपात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यात पेढे पण आले. कढीपत्ताही नको. 250 ग्रॅम बिनमिठाचं लोणी आणून खोलीतच कढव, साधारण 200 ग्रॅम तूप निघतं. दुधाची मात्र आशा सोड. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्याला इथलं साडेतीन टक्के फॅटवालं म्हणजे पाणीच.

आता चटणी. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली घरची असेलच, एक किलो आण, वर्ष जातं. फक्त आईला एक विचार, त्यात खसखस आहे का? आमच्या घरी घालतात. तुझं तिकीट दुबईवरून असेल तर खसखस घातलेली चटणी आणि सुटी खसखस दोन्ही घरीच ठेव, तिथं खसखशीवर बंदी आहे आणि लोकं त्यासाठी तुरुंगात गेलीत. बिनखसखशीची वेगळी करून घे. जर्मनीत ती केकसाठी राजरोस मिळते, काळीनिळी असते एवढंच, पांढऱ्या रश्श्याचा रंग जातो.

चटणीची पिशवी दोन पिशव्यांत बांध, वर डबा, आणि डबा कपड्यांपासून लांब. माझा कॉलेजचा पहिला पांढरा शर्ट अजून तांबूस आहे. आणि बॅगेत कोपरा उरला तर भडंगाचं एक पाकीट माझ्यासाठी टाक, स्टेशनवर घ्यायला मी येतो.