बारा काळांचा तक्ता पाठ आहे, तरी इंग्रजी बोलताना काळ चुकतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तक्ता शाळेपासून तोंडपाठ आहे, गाळलेल्या जागाही बरोबर भरता येतात, पण बोलायला तोंड उघडलं की ‘आय वेंट’, ‘आय हॅव गॉन’ आणि ‘आय हॅड गॉन’ यांतलं नेमकं कोणतं घ्यायचं ते सुचत नाही. मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि ही तक्रार जवळजवळ प्रत्येक वर्गात ऐकते. तुमच्या पाठांतरात काही खोट नाही. तक्ता बारा सारखे खण आखून देतो आणि त्यामुळे वाटतं की इंग्रजीने काळाचे बारा तुकडे केलेत. तसं नाही. तिथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत.

पहिला प्रश्न सोपा: गोष्ट केव्हाची? होऊन गेलेली, आताची की पुढची. दुसरा प्रश्न शाळेत बहुधा विचारलाच जात नाही: तुम्ही ती गोष्ट कुठून बघताय? बाहेरून, एक सबंध घटना म्हणून बघत असाल तर साधा काळ. घटनेच्या आत शिरून, ती घडत असताना बघत असाल तर चालू. आणि नंतरच्या एखाद्या क्षणी उभं राहून मागे वळून बघत असाल तर पूर्ण. शेवटच्या दोन्ही नजरा एकत्र केल्या की चालू पूर्ण. तीन वेळा, चार नजरा, म्हणून बारा.

रचनाही पाठ करायची गरज नाही, ती जुळवता येते. ‘बी’ या क्रियापदाला पुढे ‘-इंग’ लागतं आणि ‘हॅव’ला पुढे तिसरं रूप लागतं, एवढंच लक्षात ठेवायचं. ‘शी हॅज बीन वर्किंग’ घ्या. ‘हॅज’ आहे म्हणून पुढे ‘बी’चं तिसरं रूप ‘बीन’ आलं, आणि ‘बीन’ हे शेवटी ‘बी’च असल्यामुळे त्याच्यापुढे ‘वर्किंग’ आलं. यात वेळ आणि कर्ता दाखवण्याचं काम फक्त पहिल्या शब्दाने केलंय. काळाचा सगळा भार पहिल्या क्रियापदावर, हा इंग्रजीचा फार पक्का नियम आहे. ‘डिड यू वेंट’ चूक का, याचं उत्तरही त्यातच आहे. भूतकाळ ‘डिड’ने एकदा सांगून झाला, आता पुढे मूळ ‘गो’च हवं.

साध्या वर्तमानकाळाबद्दल एकच सांगते. नाव वर्तमानकाळ असलं तरी तो बहुतेक वेळा ‘आत्ता’चा नसतो. ‘आय राइट’ म्हणजे मी लिहितो, ती माझी सवय किंवा काम आहे. आत्ता हातात पेन असेल तर ‘आय अ‍ॅम राइटिंग’. आपली अडचण अशी की बोली मराठीत ‘-तोय’, ‘-तंय’ आपण सर्रास लावतो: मला वाटतंय, मला समजतंय, मला आठवतंय. इंग्रजीत जाणणं, समजणं, आवडणं, मालकीचं असणं या क्रिया नसून स्थिती मानल्या जातात, म्हणून तिथे ‘आय अंडरस्टँड’, ‘आय रिमेंबर’. ‘आय अ‍ॅम नोइंग’ कधीच नाही. मात्र तेच क्रियापद खरोखर कृती दाखवू लागलं की ‘-इंग’ चालतं: ‘शी हॅज अ कार’, पण ‘शी इज हॅविंग लंच’.

आता खरं घोडं पेंड खातं ते पूर्ण वर्तमानकाळापाशी. ‘आय लॉस्ट माय की’ आणि ‘आय हॅव लॉस्ट माय की’, दोन्हींत किल्ली हरवलीच. पहिल्या वाक्यात मी मागची एक हकीकत सांगते आहे. किल्ली नंतर सापडली असेल, नसेलही. दुसऱ्या वाक्यात माझे पाय आजमध्ये आहेत: किल्ली हरवली आहे आणि म्हणून आत्ता मी दाराबाहेर अडकले आहे. ‘हॅव’ हे क्रियापद वर्तमानकाळातलं आहे, हे विसरायचं नाही. ज्या घटनेचा धागा आत्तापर्यंत पोहोचतो, तिथेच ते शोभतं. म्हणूनच ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ चालत नाही. ‘यस्टरडे’ म्हटलं की तो काळ बंद झाला, दार लागलं, आता ‘आय सॉ हिम’.

इथे वेळ किती जवळची आहे याला महत्त्व नसतं, ती उघडी आहे की बंद, याला असतं. सकाळी दहा वाजता तुम्ही विचाराल, ‘हॅव यू सीन हर धिस मॉर्निंग?’ तेच संध्याकाळी विचारायचं झालं तर ‘डिड यू सी हर धिस मॉर्निंग?’ सकाळ तीच, फक्त आता ती संपलेली. माणसाच्या आयुष्यालाही हाच न्याय लावतात. आज हयात असलेल्या लेखिकेबद्दल ‘शी हॅज रिटन टेन नॉव्हेल्स’, कारण अकरावी येऊ शकते. शेक्सपिअरबद्दल मात्र ‘ही रोट’. ही जाणीव एकदा झाली की हा काळ मला इंग्रजीतला सर्वांत सुंदर काळ वाटतो. एवढ्याशा ‘हॅव’ने बोलणारा स्वतः कुठे उभा आहे ते सांगून टाकतो.

मराठीतला एक फरक इथे फार कामाला येतो. ‘ती गेली आहे’ म्हणजे अजून तिकडेच आहे: ‘शी हॅज गॉन’. ‘ती जाऊन आली आहे’ म्हणजे परत आलेली: ‘शी हॅज बीन देअर’. हा भेद आपल्याला जन्मापासून येतो, फक्त इंग्रजीत तो वेगळ्या शब्दांनी दाखवतात.

उलट जिथे मराठी आपल्याला फसवते ती जागा म्हणजे ‘दहा वर्षांपासून इथे राहतोय’. मराठीत क्रियापद वर्तमानकाळात, म्हणून आपण सरळ ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ म्हणतो. इंग्रजीला मात्र मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेल्या गोष्टीसाठी मागे वळणारी नजर लागतेच: ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. शिवाय ‘सिन्स’ सुरुवातीच्या बिंदूला लागतं, ‘सिन्स २०१५’. लांबीला लागतं ते ‘फॉर’.

अमेरिकन लोक ‘डिड यू ईट यट?’ म्हणतात आणि ब्रिटिश ‘हॅव यू ईटन यट?’ म्हणतात. दोन्ही ऐकून गोंधळू नका, दोन्ही रुळलेलं आहे. पण ‘यस्टरडे’सोबत ‘हॅव’ अमेरिकेतही चालत नाही.

पूर्ण भूतकाळाबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय, कारण मराठी माणसाच्या इंग्रजीत हा काळ गरज नसताना सारखा डोकावतो. आपण सहज म्हणतो, ‘मी परवा त्याच्याकडे गेलो होतो’, ‘मी त्याला फोन केला होता’. मराठीत या ‘होतो’चा अर्थ ती गोष्ट झाली, मागे पडली, मी परत आलो. बरोबर दुसरी कोणती घटना असलीच पाहिजे अशी अट नाही. इंग्रजीत ती अट आहे. ‘आय हॅड गॉन टु हिज हाउस’ एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो: कशाच्या आधी गेला होतात? म्हणून एकट्या घटनेला ‘आय वेंट’ पुरे. ‘हॅड’ काढायचं ते भूतकाळात दोन क्षण असतील आणि कोणता आधीचा हे सांगायचं असेल तेव्हा. ‘व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे गाडी चुकली. ‘व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे आम्ही पोहोचलो आणि मग गाडी सुटली. ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ने क्रम आधीच कळत असेल तर ‘हॅड’ नसलं तरी बिघडत नाही.

भविष्यकाळाचं थोडक्यात. मराठीत ‘जाईन’ हे क्रियापदाचंच रूप आहे. इंग्रजी क्रियापदाला असं स्वतःचं भविष्यरूप नाही, म्हणून ते काम वेगवेगळ्या मार्गांनी चालतं. त्या क्षणी ठरवलं तर ‘आय विल हेल्प यू’. आधीच ठरलंय, किंवा लक्षणं दिसताहेत, तर ‘गोइंग टु’. दोघांनी मिळून वेळ पक्की केली असेल तर ‘आय अ‍ॅम मीटिंग हर टुमॉरो’. वेळापत्रक असेल तर ‘द ट्रेन लीव्ज अ‍ॅट सिक्स’. वर्तमानकाळ भविष्यासाठी कसा, याचं नवल वाटून घेऊ नका. घरातून निघण्याआधीच ‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणून आपण तर भूतकाळ वापरतो. ‘आय’ आणि ‘वी’ला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’ हा शाळेतला नियम गणितज्ञ जॉन वॉलिस यांच्या १६५३ सालच्या व्याकरणात सापडतो, पण आजच्या बोलण्यात तुम्ही सगळीकडे ‘विल’ लावलंत तरी चालतं. एक सापळा मात्र टाळा. ‘तो येईल तेव्हा सांगेन’ यात मराठीत दोन्हीकडे भविष्य आहे. इंग्रजीत ‘व्हेन’ आणि वेळ दाखवणाऱ्या तशाच इतर शब्दांनंतर, आणि अटीच्या ‘इफ’नंतर, वर्तमान येतो: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’.

आणि ज्या वाक्यांनी सगळेच चक्रावतात ती ही: ‘इफ आय हॅड टाइम’, ‘आय विश आय न्यू’, ‘इट्स टाइम वी लेफ्ट’. यांत भूतकाळाचं रूप आहे, पण गोष्ट कालची नाही. भूतरूप इथे अंतर दाखवतं. कधी ते वास्तवापासूनचं अंतर असतं: वेळ असता तर, पण नाही. कधी समोरच्याशी राखलेलं आदबीचं अंतर असतं: ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प’. आपणही एखाद्याच्या दाराशी जाऊन ‘मला जरा विचारायचं होतं’ म्हणतो ना? विचारायचं तर आत्ताच असतं, त्या ‘होतं’ने बोलणं मऊ होतं.

सरावासाठी माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. कुठल्याही इंग्रजी कथेचं एक पान घ्या आणि फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा. लवकरच दिसेल की गोष्ट पुढे नेणारी सगळी क्रियापदं साध्या भूतकाळात आहेत, मागे पाऊस पडत होता किंवा कोणी गात होतं अशी पार्श्वभूमी ‘वॉज’ आणि ‘-इंग’मध्ये आहे, आणि लेखक जिथे जिथे आणखी मागे गेलाय तिथे ‘हॅड’ आलंय. मग आपल्या आदल्या दिवसाची हकीकत त्याच पद्धतीने मोठ्याने सांगा. क्रियापदांची तीन रूपं मात्र पाठच करावी लागतात, त्याला पर्याय नाही. सर्वांत जास्त वापरात असलेली ‘बी’, ‘हॅव’, ‘डू’, ‘से’, ‘गो’, ‘गेट’, ‘मेक’, ‘टेक’, ‘कम’, ‘सी’ ही सगळीच्या सगळी अनियमित आहेत, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच करा.

‘विल हॅव बीन वर्किंग’सारख्या रचनांवर सध्या वेळ घालवू नका. वाचताना ओळखता आल्या तरी पुष्कळ. साधा आणि चालू वर्तमान, साधा भूत, पूर्ण वर्तमान आणि ‘विल’–‘गोइंग टु’ एवढं हाताशी असलं की रोजचं जवळजवळ सगळं बोलणं निभावतं. बोलता बोलता ‘वेंट’ की ‘हॅव गॉन’ असं अडलंच तर ‘वेंट’ म्हणा आणि पुढे चला. गेल्याची वेळ सांगितली असेल तर ते बरोबरच असेल, आणि नसेल तरी ऐकणाऱ्याला तुमचं म्हणणं कळलेलं असेल.