आडत्याच्या घरी पहिली भेट

"तिच्या घरचे गडगंज, मी कंडक्टरचा पोरगा. दारातूनच वाटेला लावलं तर?" लग्नाचं बोलायला तिच्या घरी पहिल्यांदा जाण्याआधी परभणीकडच्या 28 वर्षांच्या मुलानं मला विचारलेला हा प्रश्न. ती लातूरची, घरी भुसाराची आडत, म्हणजे धान्याची दलाली, आणि डाळमिल. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

मित्राची गाडी, उसना कोट आणि तीन किलो पेढे असा त्याचा बेत होता. तिन्ही मी रद्द करायला सांगितलं. आडतीवर बसणाऱ्याचा जन्म माल पारखण्यात जातो. गाडी कुणाची हे दहा मिनिटांत उघडं पडतं, आणि मग पगाराचा खरा आकडाही खोटा वाटायला लागतो.

मोठं काम भेटीआधीचं, आणि ते तिचं. बरीच जोडपी इथंच फसतात. "तू ये तर, बघू" म्हणून ती गप्प राहते आणि सगळे प्रश्न बैठकीत त्याच्यावर एकदम कोसळतात. तिनं रात्री जेवणं झाल्यावर वडिलांना सांगितलं: पगार 32 हजार, कोरडवाहू 4 एकर, पीककर्ज 90 हजार. "आज होकार मागत नाही, फक्त भेटा." वडील दोन दिवस बोलले नाहीत. तेवढा अबोला सोसावा, मध्ये फोन करून मनधरणी करू नये.

त्याच्याकडून दोन उत्तरं घोटून घेतली. "कमावता किती?" आकडा सांगायचा आणि थांबायचं, पुढं खुलासा जोडला की तो माफीसारखा ऐकू येतो. "लग्नात गाडी देऊ" म्हणाले तर सरळ नको म्हणायचं. हुंडा 1961च्या कायद्यानं गुन्हा आहेच, शिवाय त्या घरात मान कायमचा खाली जातो.

रविवारी मोंढा (धान्यबाजार) बंद, म्हणून सकाळी 11ची वेळ. तो एसटीनं गेला, सोबत आईनं कुटलेली शेंगदाण्याची चटणी. आजोबांनी ओंजळभर सोयाबीन पुढं केलं, "ओलावा सांगा." त्यानं दाणा दाताखाली धरला. कट्ट वाजला नाही, दबला. "बारा टक्क्यांच्या वर आहे, आजोबा. मीटर लावा." मीटरवर 14 आलं. आजोबा खळखळून हसले, आतून धपाटे आले, चटणीची वाटी दोनदा भरली. वडील मात्र हसले नाहीत, आणि तासाभरानं तो स्वतःहून उठला.

होकार अजून नाही. दिवाळीनंतर वडील त्याच्याकडे "शेत बघायला" येणार आहेत. त्याला सांगितलंय, घराला नवा रंग देऊ नकोस, बँकेचं पासबुक हाताशी ठेव. आणि तिनं त्या दिवशी वडिलांसोबतच यायचं.